तिसऱ्या वळणावरचं कोरं कार्ड

तुम्ही कधी सही करून खोटं बोलला आहात? नुसतं तोंडाने नव्हे. तोंडाने आपण रोजच बोलतो — निघालेच, पाचच मिनिटं, छान झालीय हं भाजी. मी सहीबद्दल विचारते आहे. खाली आपलं पूर्ण नाव, नीट अक्षरात — आणि वर खोटं.

मी बोलले आहे. एकदा. हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. आपल्या मराठी मंडळाचा हा दिवाळी अंक तुमच्या हातात पडेल तेव्हा दोन-तीन माणसांना माझी पत्रं पोचलेली असतील. पण लिहिते आहे त्या घडीला ती पाकिटं टेबलावरच आहेत, तिकिटं लावायची राहिली आहेत, आणि मी तुमच्याशी बोलत बसले आहे. ओळख ना देख. पण आधी तुम्हालाच सांगावंसं वाटतंय, कारण तुम्हालाही मी फसवलं आहे. ते पुढे येईलच.

कुठून सुरू करू? एका हातापासून करायला हवं, खरं तर. पण त्या हातापर्यंत पोचायला मला चार वर्षं लागली. आणखी थोडा वेळ द्या.

मी इचलकरंजीची. बाबा शाळेत मास्तर, आणि शाळा सुटली की मागावरच्या कामगारांची पत्रकं लिहिणारे. आमच्या स्वयंपाकघरात पिठाचा आणि छपाईच्या शाईचा वास एकत्र यायचा. जमिनीवर बसून पत्रकांच्या घड्या घालता घालता मी वाचायला शिकले. 'धिक्कार' हा शब्द मला 'धबधबा'च्या आधी वाचता आला. बाबांचा एक नियम होता. ज्या कागदाखाली लिहिणाऱ्याचं नाव नाही, तो कागद आमच्या घरातून बाहेर जाणार नाही. एकदा कोणीतरी निनावी पत्रकाचा गठ्ठा वाटायला आणून दिला. त्यात लिहिलेलं सगळं खरं होतं, हे बाबांनाही माहीत होतं. तरी त्यांनी गठ्ठा परत केला. सही नसेल तर ती अफवा, सही असेल तर साक्ष, एवढंच म्हणाले. मी नऊ वर्षांची असेन. साक्ष म्हणजे काय, ते मला आईला विचारावं लागलं.

हे मुद्दाम सांगते आहे. मला कोणी शिकवलं नव्हतं, असं मला म्हणता येणार नाही.

२००२ साली मी कोलोरॅडोत शिकायला आले. विषय बर्फाचा — डोंगरावर साचलेला बर्फ कधी टिकतो आणि कधी घसरतो. काम म्हणजे खड्डे खणणं. माणूसभर खोल खड्डा खणायचा, आत उतरायचं, बर्फाच्या भिंतीवरून ब्रश फिरवायचा. मग थर दिसू लागतात. हा नोव्हेंबरातला, हा नाताळचा, ही मधली करडी रेघ म्हणजे वारा सुटला होता तो आठवडा. आत बसलं की बाहेरचा आवाज येत नाही. भिंतीतून निळसर उजेड झिरपत राहतो, आणि आपण जागे आहोत की नाही याची खात्री वाटेनाशी होते. पुढचं सगळं मला त्याच उजेडात आठवतं. निळं, हळू, बिनआवाजाचं.

काका-काकू भेटले ते मंडळाच्या गणपतीत. मूळचे नागपूरचे, काका एका टेलिकॉम कंपनीत. दुसऱ्याच भेटीत काकूंनी ठरवून टाकलं की ही पोरगी हॉस्टेलवर उपाशी मरते आहे, आणि दर रविवारचं जेवण त्यांच्याकडे सुरू झालं. त्यांची एकुलती एक मुलगी रेवा. मी मराठीत विचारायचं, तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं, मध्ये एखादा 'अगं' किंवा 'ना' टाकून. मला ती मुक्ताताई म्हणायची. तिला 'ताई' म्हणावं असं दुसरं कोणी नव्हतं. आणि मला तसं म्हणणारं — तेही कोणी नव्हतं.

शाळेच्या शनिवारच्या क्लबातून रेवा स्की करायला लागली. काकांना ते काय चाललंय हे कधीच नीट कळलं नाही. "आमच्या नागपूरला बर्फ म्हणजे गोळेवाल्याचा," ते म्हणायचे, आणि चहाचा थर्मास घेऊन उताराच्या पायथ्याशी उभे राहायचे. काकू गाडीत बसून असायच्या, डोळे मिटून.

पण तुम्ही तिला पाहायला हवं होतं. आधी ती एकेकट्याने उतरायच्या शर्यती खेळली. त्यात बरी होती, विशेष काही नाही. मग स्की क्रॉस आलं. चौघी एकदम सुटतात. उंचवटे, उड्या, बर्फाच्या भिंती बांधून केलेली मोठाली वळणं. घड्याळ कोण बघतो? जी पहिली खाली, ती पहिली. आणि चौघींच्या त्या गर्दीत रेवाला जागा दिसायची. दुसऱ्या कोणाला दिसायची नाही अशी — दोघींच्या मध्ये, क्षणभर उघडणारी. ती त्या फटीत शिरायची आणि पलीकडून निघायची, घाई न केल्यासारखी. उडी मारल्यावर ती हवेत जरा जास्तच वेळ राहते, असं मला वाटायचं. बर्फाचं शास्त्र शिकणाऱ्या मुलीला हे शोभत नाही. पण वाटायचं.

त्या डोंगरावर शर्यतीच्या दिवशी गेट जज लागायचे. म्हणजे आपल्यासारखी साधी माणसं, फुकट काम करणारी. एकेका वळणावर एकेक जण नारिंगी जॅकेट घालून उभा. हातात एक कार्ड आणि दोरीला बांधलेली पेन्सिल. पेन्सिलच, कारण त्या थंडीत पेनातली शाई गोठते. कोणी गेट, म्हणजे वाटेवर रोवलेली झेंड्यांची जोडी, चुकवलं, कोणी कोणाला मुद्दाम धक्का दिला, तर कार्डावर नोंद करायची, आणि मागच्या बाजूला घडलं त्याचं छोटंसं चित्र काढायचं. काही घडलं नाही तर मागची बाजू कोरी. शेवटी सही. मी खड्डे खणायला तिथे येतच होते, म्हणून मलाही त्यांनी घेतलं. शिकवणारे आजोबा बहुधा त्या डोंगराइतकेच जुने होते. त्यांनी मला एकच गोष्ट तीनदा सांगितली. कोपराकडे बघ. तोल सावरायला टेकलेला हात कोपरात वाकतो. ढकलणारा हात सरळ होतो. जे दिसलं ते लिही, जे वाटलं ते लिहू नकोस.

आता लोरेनबद्दल सांगायला हवं.

गावातल्या पार्किंगपासून डोंगरापर्यंत एक बस जायची. ती चालवायची लोरेन. पन्नाशीची, जाड आवाजाची, आरशातून मागे बघून बोलणारी. बर्फ पडला नाही की त्या दिवशी बसचे ड्रायव्हर सकाळी येऊन तसेच परत जायचे, काम नाही म्हणून, त्या दिवसाच्या पगाराविना. मी तिच्याकडून सगळं समजून घेतलं आणि एक पत्रक लिहिलं. अमेरिकेतलं माझं पहिलं. खाली माझं पूर्ण नाव. लोरेनने ते बसमध्ये प्रत्येक सीटमागे लावलं. तुझं नाव मला म्हणता येत नाही, म्हणाली, पण तू ते छापलंस हे बरं केलंस. मी तो पूर्ण आठवडा तरंगत होते. बाबांना लांबलचक पत्र लिहिलं.

लोरेनची मुलगी डॅना. रेवाच्याच वयाची, सतरा. तीही स्की क्रॉस खेळायची, दुसऱ्या एका मुलीचे जुने स्की वापरून. खूप वेगवान, अबोल मुलगी. शर्यतीच्या आधी ती आईच्या बसमध्ये सगळ्यात मागे बसून बूट बांधायची.

आणि २००४ चा फेब्रुवारी. मोसमातली शेवटची शर्यत. जी जिंकेल तिला क्लब पुढच्या वर्षी बाहेरच्या राज्यांत खेळायला नेणार होता. एकीलाच.

सकाळी वर सुटायच्या जागेजवळ मी कार्ड घ्यायला गेले. तिथे कोणाच्या तरी वडिलांनी रेवाकडे बघून विनोद केला की ही मुलगी गणिताच्या स्पर्धेची बस चुकून इथे आलेली दिसते. भारतीय म्हणजे गणित, एवढंच त्यांना माहीत. दोघं-तिघं हसले. रेवा पण हसली. मला मात्र कानशिलं गरम झाल्याचं आठवतं. तेव्हाच मनात एक रेघ ओढली गेली — तिकडे ते, इकडे आपण. माझ्यासाठी ती रेघ ओढणं फार सोपं होतं. मी लहानपणापासून दुसरं काय केलं होतं?

मला तिसरं वळण मिळालं. तिथे झाडी आहे, खालून दिसत नाही, वरूनही नाही. मी एकटीच होते.

दुपारी फायनल. हलका बर्फ पडत होता, वारा बिलकूल नाही; एकेक कण थांबत थांबत खाली येत होता. आधी आवाज आला, कापड फाडल्यासारखा. मग दोघी दिसल्या, बाकीच्या दोघी बऱ्याच मागे. डॅना पुढे, छातीवर नंबराचं निळं बिब. रेवा तिच्या खांद्याशी, लाल. वळणाच्या भिंतीवर दोघी चढल्या. रेवाला जागा हवी होती — आणि जागा नव्हती. या एकाच वेळी नव्हती.

मग तो हात.

रेवाचा डावा हात पुढे आला आणि डॅनाच्या कमरेवर टेकला. मला वाटलं, तोल गेला. मला तसं वाटायला हवं होतं. मी कोपराकडे बघितलं. कोपर सरळ झालं.

डॅना भिंतीवरून पलीकडे गेली. ती ओरडली नाही. बर्फाचा एक पांढरा ढग उठला आणि तिथेच राहिला, बसेचना. रेवा निघून गेली होती. ढगाच्या आत कुठेतरी डॅना होती. आणि मी — मी तो ढग बघत उभी होते. किती वेळ, सांगता येत नाही. माझ्या आठवणीत तो अजून खाली बसलेला नाही.

मदतीची माणसं आली, डॅनाला घेऊन गेली. गुडघा. मी कार्ड उलटं केलं. पेन्सिल टेकवली. एक वाकडी रेघ म्हणजे वळण, दोन ठिपके, एक हात — एवढंच काढायचं होतं. पाचवीतलं मूल काढेल.

मी काढलं नाही. कार्ड परत सुलटं केलं. 'काही नाही' यावर खूण केली, आणि सही केली.

का? हा प्रश्न मी स्वतःला इतक्यांदा विचारला आहे की आता त्याची उत्तरं पाठ झाली आहेत, आणि एकाही उत्तरावर माझा विश्वास नाही. रविवारची जेवणं? ताई म्हणणं? सकाळचा तो विनोद? त्या वेळी तर मला मी काहीतरी न्याय करते आहे असंच वाटलं होतं, हे सगळ्यात लाजिरवाणं आहे. चौघींत एकच मुलगी आपली, आणि सगळा डोंगर त्यांचा. मी बाजू घेतली. बाजू घ्यायला मला कोणी सांगावं लागत नाही. पण जिच्या विरुद्ध मी बाजू घेतली ती कोण होती? बस चालवणाऱ्या बाईची मुलगी, दुसरीचे जुने स्की घालणारी. जिच्या आईसाठी मी पत्रक लिहिलं होतं. बाबांनी आयुष्यभर ज्यांच्यासाठी लिहिलं, त्यांच्यातलीच एक. इतकी जवळ उभी होती, आणि मी तिला ओळखलं नाही.

संध्याकाळी डॅनाने दवाखान्यातून कळवलं की तिला ढकललं गेलं. शर्यतीच्या समितीने कार्ड काढलं. तिसऱ्या वळणावरच्या जजने काही पाहिलेलं नाही, असं तिला सांगितलं गेलं. ती पुन्हा तेच म्हणाली. मग क्लबातली माणसं आपापसांत म्हणू लागली की हरलेल्यांना असं वाटतंच. गुडघा वर्षभरात बरा झाला. पण ती परत खेळायला आली नाही. रडकी म्हणवून घ्यायला कोण परत येईल?

आणि लोरेन? पुढच्या शनिवारी मी तिच्याच बसमध्ये चढले. दुसरी बस नव्हती. बस चढाला लागली. मग आरशातून माझ्याकडे बघून तिने विचारलं, तिसऱ्या वळणावर तूच होतीस ना? मी मान हलवली.

"मी डॅनाला सांगितलं," ती म्हणाली, "की ही मुलगी कागदाखाली स्वतःचं नाव लिहिते. तिने नाही म्हटलं, म्हणजे नाही. आता सोड तो विषय."

पोटच्या मुलीपेक्षा तिने माझ्या सहीवर विश्वास ठेवला. माझं पत्रक अजून समोरच्या सीटला चिकटवलेलं होतं, कोपरे उचकटलेले. मी खिडकीबाहेर बघत राहिले. बाहेर काही नव्हतं. धुकं, आणि खांबांमागून खांब.

त्यानंतरचं तुम्हाला माहीत आहे. निदान तुमच्यातल्या पुष्कळांना. रेवाला क्लबने नेलं. युटा, कॅलिफोर्निया, कॅनडा. सलग चार हिवाळे ती विजेती राहिली. काकूंनी डोळे उघडे ठेवून बघायला सुरुवात केली. काकांनी थर्मास बदलून मोठा घेतला, कारण आता त्यांच्याभोवती चहा पिणारी माणसं जमायची. आणि मी काय केलं? मंडळाच्या २००४ च्या दिवाळी अंकात 'आपली रेवा' नावाचा लेख लिहिला. त्यात तिसऱ्या वळणाचं वर्णन आहे. 'प्रतिस्पर्धी घसरली आणि रेवा विजेसारखी पुढे निघाली,' असं मी लिहिलं आहे. घसरली. खाली माझं पूर्ण नाव. काहींनी ते पान कापून फ्रिजवर लावल्याचं मला कौतुकाने सांगितलं.

त्याआधी, शर्यतीनंतरच्या महिन्यात, रेवा मला हॉस्टेलवर सोडायला आली होती. तिला नुकतंच लायसन्स मिळालं होतं. सिग्नलला गाडी थांबली. समोर बघतच तिने विचारलं.

"ताई, तू थ्रीवर होतीस ना. व्हॉट डिड यू सी?"

"काहीच नाही," मी म्हणाले. "तू स्वच्छ आलीस."

सिग्नल हिरवा झाला तरी ती निघाली नाही. मागच्याने हॉर्न वाजवला तेव्हा निघाली. मला वाटलं, तिचा जीव भांड्यात पडला असेल. ती सतरा वर्षांची होती, तिने विचारण्यासाठी अख्ख्या जगातून मला निवडलं होतं, आणि मी ते दार तिच्या तोंडावर बंद केलं — मायेने, ताई म्हणून. तो प्रश्न होता का? आता वाटतं, तिने माझ्यापुढे हात केला होता. पकड, म्हणून.

या वर्षी मार्चमध्ये, सगळं जिंकत असताना, रेवाने खेळणं सोडलं. कोणाला कारण कळलं नाही. काकूंना वाटलं, लग्नाचं काही. मागच्या आठवड्यात तिचा मला फोन आला. तिने मे महिन्यात समितीला स्वतः पत्र लिहिलं होतं की चार वर्षांपूर्वी तिसऱ्या वळणावर आपणच डॅनाला ढकललं. डॅनालाही लिहिलं होतं. तिथून उत्तर नव्हतं. समितीकडून मात्र आलं होतं, फार सभ्य. त्यांनी जुनं कार्ड काढून पाहिलं. जजची सही आहे, काही घडल्याची नोंद नाही. इतक्या वर्षांनी आठवणी बदलतात, तुम्ही मनाला लावून घेऊ नका.

"ताई, मी इमॅजिन केलं का सगळं?" ती म्हणाली. "तू तर होतीस ना तिथे."

मी तिला काय उत्तर दिलं? माझी मीटिंग आहे म्हणाले. फोन ठेवला.

दोन मुली एकच खरी गोष्ट सांगत आहेत — जिला ढकललं ती, आणि जिने ढकललं तीही. आणि त्या दोघींना खोटं ठरवत एक कोरं कार्ड अजून कुठल्यातरी कपाटात उभं आहे. माझ्या सहीनिशी. बाबांच्या शब्दांत — साक्ष.

समितीच्या पाकिटात मी ते चित्र घातलं आहे, जे तेव्हा काढायचं होतं. वळण, दोन ठिपके, सरळ कोपर. दुसरं पाकीट डॅनाचं, आणि त्यातच एक वेगळी चिठ्ठी लोरेनला. तिसरं बाबांना. रेवाला पत्र नाही. येत्या रविवारी तिच्यासमोर, त्याच टेबलाशी बसून सांगणार आहे. काका-काकूही असतील. काकूंनी वाढलेलं ताट समोर असेल. त्यानंतर ते मला बोलावतील की नाही, माहीत नाही. बोलवावं असं म्हणण्याचा मला हक्क नाही. डॅनाचे ते हिवाळे तिला कोणी परत देऊ शकत नाही. मीही नाही.

माझ्यासाठी मला तुमच्याकडे काही मागायचं नाही. पण एक कागद असा आहे जिथे मी पोचू शकत नाही — तो तुमच्या घरात आहे. २००४ चा दिवाळी अंक. कपाटात असेल, गराजमधल्या खोक्यात असेल, पान कापलेलं फ्रिजवर असेल. तो शोधा. 'आपली रेवा' उघडा. लेख संपतो तिथे, माझ्या नावाच्या वर, दोन बोटं जागा कोरी सुटली आहे. तिथे लिहा. पेन्सिल चालेल.

लिहा: डॅना खरं बोलत होती. मी पाहिलं होतं.